सहा एमएम

नवी पेठेत दुकानातल्या पोरानं
तीन गुंडाळ्या काउंटरवर उलगडल्या:
चार एमएम, सहा एमएम, आठ एमएम.
निळी, जांभळी, आणि एक इतकी पोपटी
की राजमणीला हसूच आलं.

मी सवयीनं काठ चिमटीत धरला.
एकोणतीस वर्षं हेच केलं होतं:
काठ धरायचा, उजेडाकडे न्यायचा,
उभा धागा मोजायचा, मग आडवा.
कुठं तुटलाय ते बोटाला आधी कळतं,
डोळ्याला मागाहून.

हिच्यात धागाच नव्हता.
ना ताणा, ना बाणा,
खालीवर सारखंच फुगवलेलं काहीतरी.
जे कुणी विणलंच नाही
त्याची खोट काढायची कशी?

"काका, ग्रिप बघा," पोरगा म्हणाला.
म्हणजे, म्हणाला असावा.
माझे कान मागाच्या खडखडाटात कधीच गेले,
मी ओठांवर भागवतो.

आठ एमएमवर राजमणीनं तळवा दाबला.
"वद्दू. गादी घ्यायला आलोय का?
खाली जमीन आहे एवढं तरी कळू दे."
चारची पातळ, गुडघ्याला टोचेल.
मग सहा. निळी.
पिशवीचे दीडशे वेगळे म्हटल्यावर
तिनं पोराकडे असं बघितलं
की त्यानं सुतळी फुकट दिली.

खांद्यावर टाकली आणि मी अडखळलो.
खांद्यानं आपल्या मनानं
बीमच्या वजनाची तयारी केली होती,
दोघांनी उचलायच्या, सूत भरलेल्या बीमची.
आणि वर आला जेमतेम किलोभर फोम.
अशोक चौकात सिद्राम भेटला.
"काय अंबादास, कुठला माल?"
"माल न्हाई. झोपायचं हाय त्याच्यावर,
श्वास घेत."
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

पहाटे साडेपाचला, ऊन उठायच्या आत,
विडी घरकुलाच्या शाळेचं पटांगण.
हिरेमठबाई म्हणाल्या, मांडी घाला, पाठ ताठ.
कुणाचा घोटा कुरकुरला, कुणी हातावर टेकलं.
राजमणी बसली, साच्यात ओतल्यासारखी.
मांडीवर तेवढं सूप नव्हतं.
"कुठं शिकलात हो?" बाईंनी विचारलं.
"कारखान्यात," ती म्हणाली.
रोजच्या हजार विड्या, चाळीस वर्षं.
त्याच बैठकीनं कंबर धरली
आणि त्याच बैठकीला आता शाबासकी.

शेवटी सगळ्यांना आडवं केलं.
हात सैल, तळवे आभाळाकडे, शांतता ऐका.
माझ्या कानात मागांची अख्खी रांग चालू.
मी एक डोळा उघडून पाहिलं:
राजमणी निपचित,
फक्त उजवा अंगठा आणि तर्जनी
हवेतलं एक पान
वळत होती, वळत होती.

जपण्याचं म्हणाल तर
पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला.
धुऊन गच्चीवर टाकली,
एप्रिलचं ऊन, सोलापूरचं;
तासाभरात एक टोक पापडासारखं वर.
ते अजून खाली बसलं नाही,
रोज तिथं तांब्या ठेवतो.
आता सावलीत, दोरीवर, उलटी.

नळ पाचव्या दिवशी.
आधी हंडे, मग पिंप, मग बादल्या,
मग कपडे, आणि उरलं तर मॅट:
एक मग पाणी, रिठ्याचा फेस,
जुन्या टॉवेलचा तुकडा (आमच्याच मागावरचा,
काठ अजून सरळ).
तंबाखूचा वास मात्र जात नाही.
तो तिच्या तळव्यांतून उतरलाय.
मीही आता जोर लावत नाही.

आज पुसताना काठ उजेडाकडे नेला, उगाच.
टाचांच्या जागी दोन ठिकाणी
पोत बसलेला,
आणि हातांच्या जागी, उजवीकडे जरा जास्त.
बोटाला आधी कळलं.

नळाकडून राजमणी हात हलवत होती.
ओठ वाचले:
पुसून झाली असेल तर गुंडाळ,
घागर धर,
पाणी जायची वेळ झाली.